चेहऱ्यातील मज्जातंतूची वेदना : अनुभवी शल्यविशारद कसा निवडावा?

सकाळी दात घासण्यासाठी ब्रश तोंडात घालावा आणि त्याच क्षणी गालातून जबड्यापर्यंत विजेचा झटका बसावा. तोंडावर पाण्याचा हबका मारणे नकोसे व्हावे. भाकरीचा घास चावता येत नाही म्हणून दिवसच्या दिवस पेजेवर काढावे लागावेत. दुचाकीवर बसताना समोरचा वारा लागू नये म्हणून भर उन्हाळ्यातही गालाला रुमाल गुंडाळावा लागावा. चेहऱ्याच्या एका बाजूला होणाऱ्या या वेदनेला वैद्यकशास्त्रात 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' असे म्हणतात. एकेक झटका काही सेकंदांचा, फार तर दोन मिनिटांचा असतो. परंतु दिवसातून असे कित्येक झटके येतात आणि दोन झटक्यांमधला वेळ पुढच्या झटक्याच्या धास्तीत जातो. बोलणे, हसणे, जेवणे या साध्या गोष्टींचीच भीती बसलेला रुग्ण हळूहळू माणसांत मिसळणे सोडतो.

हा आजार जिवावर बेतणारा नाही. बहुतेक रुग्णांना आरंभी औषधांनी आराम पडतो. मात्र औषधांचा उपयोग कमी होऊ लागला किंवा त्यांचे दुष्परिणाम सोसेनासे झाले, की शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो. ती कोणाकडून करून घ्यावी, हा प्रश्न मुंबई-पुण्यातील रुग्णालाही कठीण वाटतो. राजापूरसारख्या तालुक्यातील रुग्णाला तर मेंदूशल्यविशारद गाठण्यासाठीच तालुक्याबाहेर पडावे लागते. अशा वेळी 'कोणी तरी चांगला डॉक्टर सांगितला' एवढ्यावर निर्णय घेतला जातो. काही नेमके प्रश्न विचारून हा निर्णय अधिक डोळसपणे घेता येतो.

आजाराचे मूळ

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचवते. या मज्जातंतूच्या तीन शाखा आहेत. पहिली कपाळ व डोळ्याभोवतीचा भाग, दुसरी गाल व वरचा जबडा आणि तिसरी खालचा जबडा सांभाळते. वेदना बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या शाखेच्या क्षेत्रात होते. पन्नाशीनंतर हा आजार अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते.

सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या शिरोरोगांपैकी 'अनंतवात' या व्याधीशी आयुर्वेदाचे अनेक अभ्यासक या वेदनेची सांगड घालतात. युरोपात फ्रेंच शल्यविशारद निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले. कारणाचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांना शस्त्रक्रिया करताना अनेक रुग्णांत हा मज्जातंतू जेथे मेंदूतून निघतो तेथे एखादी रक्तवाहिनी त्याला टेकलेली दिसली. १९३४ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीच्या सततच्या ठोक्यांनी मज्जातंतूवरील आवरण झिजते आणि विजेच्या तारेवरील वेष्टन निघाल्यावर व्हावे तसे आतले संदेश एकमेकांत मिसळतात. साधा स्पर्श मग मेंदूपर्यंत तीव्र वेदना म्हणून पोहोचतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर जॅनेटा यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ही रक्तवाहिनी मज्जातंतूपासून अलग करण्याची पद्धत रूढ केली. 'मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन' या नावाने ती आज जगभर ओळखली जाते.

दाताचा दोष की मज्जातंतूचा?

जबड्यातली कळ म्हणजे दाताचेच दुखणे, अशी रुग्णाची समजूत असते आणि क्वचित डॉक्टरचीही. त्यामुळे एकामागून एक निरोगी दात काढले गेल्याची उदाहरणे या आजारात वारंवार आढळतात. दाताचे दुखणे बहुधा ठणकते, तासन् तास टिकते आणि गरम वा थंड पदार्थाने वाढते. मज्जातंतूची वेदना विजेसारखी येते आणि जाते. हलक्या स्पर्शानेही ती उसळते आणि दोन झटक्यांच्या मध्ये बहुधा काहीच दुखत नाही. हा फरक तालुक्यातील जनरल प्रॅक्टिशनर वा दंतवैद्य नीट प्रश्न विचारून ओळखू शकतो. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते.

एमआरआय तपासणी त्यानंतर येते. तिचा पहिला हेतू गाठ अथवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखे दुसरे कारण नाही याची खात्री करणे हा असतो. या मज्जातंतूच्या मुळाशी असलेली रक्तवाहिनी दिसण्यासाठी अतिशय पातळ छेदांची विशेष तपासणी करावी लागते. डोकेदुखीसाठी केलेल्या साध्या एमआरआयमध्ये ती दिसेलच असे नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या शब्दांवर थांबू नये आणि तपासणी या मज्जातंतूच्या दृष्टीने झाली आहे काय, हे विचारावे.

आधी औषध, पण किती काळ?

या आजारावर कार्बामाझेपिन हे पहिल्या पसंतीचे औषध १९६० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे जवळजवळ उपयोग होत नाही, तर कार्बामाझेपिनने बहुसंख्य रुग्णांना सुरुवातीला स्पष्ट आराम मिळतो. गुंगी, तोल जाणे, विसराळूपणा आणि रक्तातील सोडियम कमी होणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित त्यातून त्वचेची गंभीर प्रतिक्रिया उद्भवते. अन्यथा हे औषध परस्पर एकदम बंद करू नये. ऑक्सकार्बाझेपिन हा त्याच्या जवळचा दुसरा पर्याय आहे.

औषधाने वेदना आटोक्यात असेपर्यंत शस्त्रक्रियेची घाई नसते. घाईने घेतलेल्या निर्णयाची येथे आवश्यकताच नाही, ही रुग्णाच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे. अपघातात मेंदूला मार लागला तर जवळ असेल त्या रुग्णालयात जावे लागते. या आजारात मात्र डॉक्टर पारखण्यासाठी वेळ असतो. तो अमर्याद मात्र नसतो. जॅनेटा यांच्या पिट्सबर्ग येथील रुग्णांचा जो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठ वर्षांहून अधिक काळ वेदना सोसलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर वेदना परतण्याचे प्रमाण अधिक आढळले. औषधाची मात्रा वाढत चालली आणि आराम घटत चालला, की शल्यविशारदाचा सल्ला घेण्याची वेळ आली असे समजावे.

शस्त्रक्रियेच्या तीन वाटा

पहिली वाट मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशनची. कानामागे छेद घेऊन कवटीला लहानसे छिद्र पाडले जाते. सूक्ष्मदर्शकातून पाहत रक्तवाहिनी मज्जातंतूपासून दूर केली जाते आणि ती पुन्हा टेकू नये म्हणून मध्ये बहुधा टेफ्लॉनचा लहान तुकडा ठेवला जातो. दुखण्याचे कारण दूर करणारी आणि मज्जातंतू शाबूत ठेवणारी अशी ही एकच पद्धत आहे. मात्र ती पूर्ण भूल देऊन करावयाची मेंदूची शस्त्रक्रिया आहे. त्या बाजूची श्रवणशक्ती जाणे, चेहऱ्याला बधिरता येणे, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, लहान मेंदूला इजा आणि अगदी क्वचित मृत्यू असे धोके तिच्यात आहेत.

दुसरी वाट सुईची. गालातून सुई घालून कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून मज्जातंतूच्या गाठीपर्यंत पोहोचतात. तेथे रेडिओलहरींची उष्णता, ग्लिसरॉल अथवा फुगवलेला लहान फुगा यांनी मज्जातंतूला जाणूनबुजून थोडी इजा केली जाते. वय फार असलेल्या किंवा हृदयविकारामुळे मोठी भूल झेपणार नाही अशा रुग्णांना ही पद्धत सोयीची ठरते. आराम लवकर मिळतो, परंतु चेहऱ्याला बधिरता येऊ शकते आणि काही वर्षांत वेदना परतण्याची शक्यता अधिक असते.

तिसरी वाट गॅमा नाइफसारख्या किरणोपचाराची. छेद न घेता मज्जातंतूच्या मुळावर किरणांचा नेमका मारा केला जातो. आराम पडण्यास काही आठवडे वा महिने लागतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये गॅमा नाइफ आले आणि देशातील आरंभीच्या केंद्रांत त्याची गणना होते. अभिनेता सलमान खान याने आपल्या या आजाराविषयी आणि २०११ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या उपचारांविषयी जाहीरपणे सांगितल्यावर या आजाराचे नाव सर्वसामान्यांच्या कानी पडले. असे उपचार महाराष्ट्रातही उपलब्ध आहेत, ही गोष्ट मात्र तेवढी सर्वदूर पोहोचली नाही.

'अनुभवी' म्हणजे काय?

एमबीबीएसनंतर शल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मेंदूशल्यचिकित्सेतील एमसीएच वा डीएनबी, असे हे दीर्घ शिक्षण असते. पदवी व वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी. परंतु पदवी हा अनुभवाचा आरंभ आहे. मेंदूशल्यविशारदाचे बरेचसे काम अपघात, मेंदूतील गाठी, रक्तस्राव आणि मणक्यांचे विकार यांत असते. वीस वर्षे हे काम उत्तम करणाऱ्या डॉक्टरने चेहऱ्याच्या वेदनेची शस्त्रक्रिया मोजक्याच वेळा केलेली असू शकते. त्यात त्याचा दोष नाही. आजारच विरळा आहे.

हा विरळपणा राजापूरच्याच आकड्यांतून समजून घेता येतो. पाश्चात्त्य देशांतील जुन्या पाहण्यांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण चार ते पाच नवे रुग्ण आढळले आहेत. काही पाहण्यांत हे प्रमाण अधिकही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राजापूर तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाहून अधिक, तर रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे सोळा लाख होती. कमी प्रमाण धरले तर तालुक्यात वर्षाला सात-आठ आणि संपूर्ण जिल्ह्यात सत्तर-ऐंशी नवे रुग्ण होतील. त्यांतील अनेकांचे औषधांवर भागते. शस्त्रक्रियेची गरज पडणारे थोडेच, आणि तेही वेगवेगळ्या शहरांतील वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेले. साहजिकच एकेका डॉक्टरच्या वाट्याला अशी प्रकरणे फार येत नाहीत.

अमेरिकेतही स्थिती वेगळी नाही. तेथे १९९६ ते २००० या काळात झालेल्या अशा शस्त्रक्रियांचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यक आकडा पाहता एका रुग्णालयात वर्षाला पाच आणि एका शल्यविशारदाकडून वर्षाला तीनच शस्त्रक्रिया होत होत्या. मोजक्या शल्यविशारदांची संख्या मात्र याच्या कितीतरी पट होती. ज्या रुग्णालयांत आणि ज्या हातांनी या शस्त्रक्रिया अधिक झाल्या, तेथील परिणाम सरस आढळले.

याचे कारण शस्त्रक्रियेच्या स्वरूपात आहे. मज्जातंतूला टेकलेली रक्तवाहिनी दर वेळी समोर दिसत नाही. ती मागच्या बाजूला दडलेली असते, कधी एकीऐवजी दोन असतात, कधी धमनीऐवजी शीर असते. एक सापडली म्हणून शोध थांबवला तर वेदना कायम राहते. श्रवणाचा मज्जातंतू अगदी शेजारून जातो आणि लहान मेंदू हलकेच बाजूला सारताना जरा जादा ताण पडला तरी ऐकू येणे जाऊ शकते. किती ताण चालेल आणि कुठे थांबावे, ही समज हाताला सरावानेच येते.

अनुभवाची दुसरी बाजू नकार देण्याची आहे. चेहऱ्याचे प्रत्येक दुखणे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नसते. सतत जळजळणारी, सीमा नीट सांगता न येणारी वेदना शस्त्रक्रियेने बरी होण्याची शक्यता कमी असते आणि मज्जातंतूला इजा करणाऱ्या उपचाराने ती उलट चिघळू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे होणाऱ्या वेदनेतही रक्तवाहिनी अलग करण्याचा लाभ तुलनेने कमी मिळतो. अशा रुग्णाला 'तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही' असे सांगणारा डॉक्टर अनुभवीच समजावा.

विचारावयाचे प्रश्न

डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. वास्तविक हे काम नित्य करणाऱ्या शल्यविशारदाला असे प्रश्न परिचयाचे असतात. पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

१. नेमकी हीच शस्त्रक्रिया आपण आजवर किती केल्या आणि गेल्या वर्षात किती? मेंदूच्या एकूण शस्त्रक्रियांची संख्या हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

२. आपल्या स्वतःच्या रुग्णांपैकी किती जण औषधाशिवाय वेदनामुक्त आहेत आणि किती वर्षांनंतर? पिट्सबर्गच्या १९९६ मधील अभ्यासात १,१८५ रुग्ण होते आणि दहा वर्षांनंतर ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. शस्त्रक्रियेनंतर दोन मृत्यू झाले आणि सुमारे एक टक्का रुग्णांची त्या बाजूची श्रवणशक्ती गेली. हे आकडे जगातील अत्यंत अनुभवी केंद्राचे आहेत. ते कोणीही सांगू शकतो. रुग्णाला हवा असतो तो समोर बसलेल्या डॉक्टरचा आकडा.

३. आपल्या रुग्णांत कोणकोणत्या गुंतागुंती झाल्या? 'एकही नाही' हे उत्तर मोठी संख्या सांगणाऱ्याकडून आले तर सावध व्हावे.

४. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी सापडली नाही तर आपण काय कराल? या प्रश्नाचा विचार आधी झालेला असावा आणि रुग्णाची त्याला आगाऊ संमती असावी.

५. शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की सहकारी? मेंदूशस्त्रक्रियेचा सराव असलेला भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रिया चालू असताना श्रवणाच्या मज्जातंतूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि नंतरचा अतिदक्षता विभाग येथे आहे काय?

६. माझ्या वयाला व प्रकृतीला सुई किंवा किरणोपचार अधिक योग्य ठरतील काय? ते आपल्याकडे नसल्यास आपण कोठे पाठवाल? आपल्याकडे असलेली पद्धतच सर्वांना योग्य, असे मानणाऱ्यापेक्षा तिन्ही वाटांची तुलना करून सांगणारा डॉक्टर अधिक भरवशाचा.

शंभर टक्के हमी, औषधाचा पुरेसा प्रयत्न न करताच शस्त्रक्रियेची तारीख, विशेष एमआरआय न पाहता दिलेला निर्णय आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याबद्दल नाराजी ही परत फिरण्याची चिन्हे होत.

राजापूरहून निघताना

राजापूरच्या रुग्णापुढे दिशा अनेक आहेत. महामार्गाने रत्नागिरी साठ-सत्तर किलोमीटरवर आहे आणि तेथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठता येते. दक्षिणेला बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि ज्या घरातला कोणी ना कोणी चाकरमानी मुंबईत आहे, तेथे जवळपास चारशे किलोमीटरवरील मुंबईचाच विचार आधी होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग गेल्या शतकाच्या मध्यापासून कार्यरत आहे. जवळचे ठिकाण वाईट आणि दूरचे चांगले असा नियम नाही. वरील सहा प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जेथे मिळतील, ते ठिकाण योग्य.

निदान, औषधाची सुरुवात, सोडियमची तपासणी आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख ही कामे गावाजवळच्या डॉक्टरकडे होऊ शकतात. दूरचा प्रवास केवळ सल्ल्यासाठी आणि शस्त्रक्रियेसाठी करावा. निघण्यापूर्वी एक वही तयार करावी. वेदना केव्हा सुरू झाली, चेहऱ्याच्या कोणत्या भागात होते, कशाने उसळते, कोणते औषध किती मात्रेत किती दिवस घेतले, त्याने काय झाले, कोणते दात केव्हा काढले, हे सारे त्यात लिहावे. एमआरआयचा केवळ अहवाल न नेता फिल्म वा सीडीही न्यावी. बोलताना झटका येणाऱ्या रुग्णासोबत त्याच्या वतीने बोलू शकणारे घरचे माणूस असावे. त्या डॉक्टरकडे शस्त्रक्रिया करून दोन-तीन वर्षे झालेला रुग्ण भेटल्यास त्याच्याशी बोलावे, कारण वेदना परतते की नाही हे पहिल्या महिन्यात कळत नाही.

खर्चाचा प्रश्न शेवटी ठेवू नये. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली आपली शस्त्रक्रिया निवडलेल्या रुग्णालयात बसते काय, हे तेथील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. केवळ योजनेत बसते म्हणून रुग्णालय निवडू नये. आधी योग्य हात निवडावा आणि मग खर्चाची वाट शोधावी, हा क्रम शक्य तोवर पाळावा. अशी शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी नीट होणे महत्त्वाचे असते. दुसऱ्या वेळी त्याच जागी जाणे जखमेच्या वणांमुळे अधिक अवघड होते.

या आजाराने ग्रासलेली माणसे वर्षानुवर्षे दात काढीत, गोळ्या बदलीत आणि गाल झाकून जगतात. 'आता काही इलाज नाही' असे त्यांना वाटू लागते. प्रत्यक्षात चेहऱ्याच्या असह्य वेदनांपैकी ही एक अशी आहे की तिचे कारण अनेक रुग्णांत सापडते आणि दूरही करता येते. त्यासाठी योग्य हातापर्यंत पोहोचावे लागते. तो हात ओळखण्याचा मार्ग साधा आहे. आपण हे काम किती वेळा केले आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, एवढे डॉक्टरला विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकावे.